बाकावरच्या क्वार्टरबॅकचा भाव
अमेरिकी फुटबॉलची ओळख : लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण ड्राफ्टची रचना पाहिली. सात फेऱ्या, ३२ संघ, आणि आदल्या मोसमात जो तळाला गेला त्याचा नंबर पहिला. आयपीएलच्या लिलावासारखी इथे पैशांची बोली नसते. महाविद्यालयांतून येणारे खेळाडू संघ क्रमाने उचलतात, आणि हा क्रमच चलन म्हणून चालतो. दुसऱ्या संघाचा खेळाडू हवा असेल तर आपल्या निवडीचा हक्क द्यायचा. या वर्षीचा, पुढच्या वर्षीचा किंवा दोन्ही. म्हणून एप्रिलअखेरच्या ड्राफ्टआधी एक वाद ठरलेला. अमुक संघाचा राखीव क्वार्टरबॅक विकला तर काय मिळेल, पहिल्या फेरीची निवड की दुसऱ्या?

वादाची गंमत अशी की, ज्याचा भाव करायचा तो बहुधा खेळलेलाच नसतो. इतर जागांवरचे राखीव खेळाडू सामन्यात आतबाहेर करत असतात. क्वार्टरबॅक मात्र एकच. तो धडधाकट असेपर्यंत दुसऱ्याने टोपी घालून रेषेबाहेर उभं राहायचं. ब्रेट फार्व्हने १९९१ मध्ये अटलांटा फाल्कन्सकडून चार पास टाकले. आपल्या माणसाच्या हाती एकही गेला नाही, दोन प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. या कर्तबगारीवर ग्रीन बे पॅकर्सच्या रॉन वुल्फने फेब्रुवारी १९९२ मध्ये त्याच्यासाठी पहिल्या फेरीची निवड मोजली. पुढे तीनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाल्यावर सगळ्यांनी वुल्फला द्रष्टा म्हटलं. पण वुल्फने जे पाहिलं ते त्या चार पासांत नव्हतं. आदल्या वर्षी तो न्यूयॉर्क जेट्समध्ये होता आणि तेव्हापासून त्याला फार्व्ह हवा होता. या बाजारातलं गिऱ्हाईक पुष्कळदा असं जुन्या ओळखीचं असतं. २००१ मध्ये सिएटल सीहॉक्सने पॅकर्सचा राखीव मॅट हॅसलबेक घेतला, तो सिएटलचा प्रशिक्षक माइक होमग्रेन आधी ग्रीन बेमध्ये असल्यामुळे. त्या सौद्यात सिएटल पहिल्या फेरीत दहावरून सतराव्या क्रमांकावर उतरला, वर तिसऱ्या फेरीची निवडही दिली. पाच वर्षांत हॅसलबेकने संघाला सुपर बोलपर्यंत नेलं.

निवडींचा हिशेब मांडायला एक तक्ता आहे. १९९०च्या सुमारास डॅलस काउबॉईजमध्ये प्रशिक्षक जिमी जॉन्सनसाठी माइक मॅकॉयने तो बनवला. पहिल्या निवडीला ३००० गुण, बाराव्या निवडीला १२००, दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला, म्हणजे ३३व्या निवडीला ५८०. नंतर सुधारित तक्ते निघाले, तरी वादात उतरणारा प्रत्येक जण अजूनही हेच आकडे तोंडावर फेकतो. तक्ता निवडींची आपापसात तुलना करतो. क्वार्टरबॅकला किती गुण द्यायचे, हे त्यात कुठेच नाही.

ते ठरतं खेळाबाहेरच्या गोष्टींवर, आणि माझ्या मते त्यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे विकणाऱ्याची स्वतःची गरज. चर्चा सगळी ‘किती मिळतील’ची असते. तो गेल्यावर मागे काय उरेल, हे क्वचितच विचारलं जातं. मार्च २००७ मध्ये अटलांटाने मॅट शॉबला ह्यूस्टन टेक्सन्सकडे धाडलं. मोबदला चांगला होता: पहिल्या फेरीत दहावरून आठवर बढती आणि दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी, एक त्या वर्षीची, एक पुढची. ज्याने क्वचितच सामना सुरू केला होता अशा राखीवाचे एवढे आले म्हणून अटलांटाची पाठ थोपटली गेली. महिनाभरात मायकल व्हिक, म्हणजे त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक, कुत्र्यांच्या झुंजींच्या प्रकरणात सापडला. त्या मोसमात तो खेळलाच नाही. वर्ष संपायच्या आत तुरुंगात गेला. फाल्कन्स ४-१२वर कोसळले. तक्त्यावर नफ्यातला सौदा, मैदानावर दिवाळं.

न्यू इंग्लंड पेट्रियट्सची दोन उदाहरणं शेजारी ठेवली की चित्र स्वच्छ होतं. २००८च्या पहिल्याच सामन्यात टॉम ब्रेडीचा गुडघा गेला आणि मॅट कॅसेल उतरला. या माणसाने शाळा सोडल्यापासून क्वार्टरबॅक म्हणून एकही सामना सुरू केला नव्हता. महाविद्यालयातही तो बाकावरच होता. त्याने संघाला ११-५ नेलं. ब्रेडी परतणार हे दिसत असल्यामुळे संघाने कॅसेलला एक वर्षाच्या सक्तीच्या करारात, म्हणजे ‘फ्रँचाईज टॅग’मध्ये अडकवलं. त्यामुळे १ कोटी ४६ लाख डॉलरचं ओझं डोक्यावर आलं, आणि संघाला ते लवकर उतरवायचं आहे हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. अशा वेळी भाव कोण देतो? शेवटी कॅन्सस सिटीने कॅसेल आणि माइक व्रेबल अशा दोघांना मिळून ३४वी निवड दिली. घेणारा स्कॉट पिओली दीड महिन्यापूर्वीपर्यंत पेट्रियट्समध्येच होता. पुन्हा ओळखीचं गिऱ्हाईक.

दुसरं उदाहरण जिमी गॅरोपोलोचं. २०१४ मध्ये दुसऱ्या फेरीत, ६२वा आलेला. २०१६ मध्ये ब्रेडी चार सामन्यांसाठी निलंबित झाला तेव्हा गॅरोपोलोने पहिला सामना जिंकला. दुसऱ्यात मायामीविरुद्ध झकास खेळत असताना मध्यंतराआधीच खांदा दुखावला. पुरावा एवढाच, दीड सामन्याचा. तरीही २०१७च्या वसंतात सगळीकडे त्याचीच चर्चा, कारण क्लीव्हलंड ब्राउन्सकडे १ आणि १२ अशा पहिल्या फेरीच्या दोन निवडी होत्या, दुसऱ्या फेरीतही ३३ आणि ५२. बारावी निवड द्यावी की नाही, यावर रणं माजली.

नकारवाद्यांचा मुद्दा बिनतोड होता. गॅरोपोलोचा करार त्याच मोसमानंतर संपणार होता. म्हणजे ब्राउन्सने १२०० गुण मोजून मिळवायचं काय, तर एक वर्ष आणि नंतर भरमसाट पगार देण्याची संधी! पण ब्रेडी ऑगस्टमध्ये चाळिशीचा होणार होता, आणि पेट्रियट्सचा प्रशिक्षक बिल बेलिचिक याला तो दुखावला तर हाताशी माणूस हवा होता. त्याने विकलं नाही. याला अनेकांनी हटवादीपणा म्हटलं; मला तो विम्याचा हप्ता वाटतो. हप्ता महाग पडला एवढं खरं. मोसमाच्या मध्यावर, ३० ऑक्टोबरला, गॅरोपोलो सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडे गेला तो २०१८च्या दुसऱ्या फेरीच्या एका निवडीवर.

यात आणखी एक खोच आहे. सौदा झाला तेव्हा फोर्टीनाइनर्स ०-८ होते. म्हणजे ती निवड दुसऱ्या फेरीच्या अगदी सुरुवातीची असेल असं कुणीही धरलं असतं. पण गॅरोपोलोने शेवटचे पाचही सामने जिंकून दिले, संघ वर सरकला आणि निवड घसरून ४३वी झाली. तक्त्याप्रमाणे ४७०. विकलेल्या मालाने स्वतःचीच किंमत उतरवली! फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याने पाच वर्षांचा पावणेचौदा कोटी डॉलरचा करार केला, आणि २०२०च्या सुपर बोलमध्ये हरला तो पॅट्रिक माहोम्सच्या कॅन्सस सिटीकडून. हा माहोम्स २०१७च्या त्याच ड्राफ्टमध्ये दहावा आला होता.

आणि ब्राउन्स? त्यांनी बारावी निवड ह्यूस्टनला विकली. ह्यूस्टनने तिथे डेशॉन वॉटसन उचलला. ब्राउन्सनी ५२व्या क्रमांकावर डिशोन कायझर घेतला आणि मोसम संपवला ०-१६. बारावी निवड गॅरोपोलोसाठी जास्तच, असं म्हणणारे हिशेबात बरोबर होते. पण त्या हिशेबात ब्राउन्सच्या भिंतीला टेकलेल्या पाठीला जागा नव्हती.

हे भाव पूर्वीइतके चढत नाहीत, त्याचं एक कारण २०११च्या कामगार करारात आहे. त्याआधी ड्राफ्टमधल्या अव्वल क्वार्टरबॅकला डोळे पांढरे करणारा पगार मिळे. २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख, त्यातले ५ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी नव्या नियमांखाली कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख. नवखा इतका स्वस्त मिळत असेल तर दुसऱ्याच्या बाकावरचा चार वर्षं मुरलेला, पगारवाढीच्या उंबरठ्यावरचा गडी कोण घेईल? म्हणूनच हल्लीचे सौदे बारीक असतात. एप्रिल २०२५ मध्ये, ड्राफ्टच्या तोंडावर, पेट्रियट्सने जो मिल्टन डॅलसला दिला. त्याच्या खाती एकच सामना होता, पण स्वस्त कराराची तीन वर्षं शिल्लक होती. डॅलसने पाचव्या फेरीची निवड दिली आणि मिल्टनबरोबर सातव्या फेरीची निवड परतही घेतली.

पुढच्या लेखांकात : करार संपून खेळाडू फुकट निघून गेला, तर जुन्या संघाला भरपाई म्हणून मिळणाऱ्या निवडी आणि त्यांचं गुंतागुंतीचं सूत्र.