मोठे चुंबक आणि मेंदूतला काळोख

एमआरआय यंत्राच्या बोगद्यात आपल्यापैकी अनेकजण कधी ना कधी झोपून आले असतील. त्यातले चुंबक बहुधा दीड टेस्लाचे असते, मोठ्या रुग्णालयात तीन टेस्लाचे. सात टेस्लाची यंत्रे मात्र मोजकीच आहेत. अमेरिकेत २०१७ साली रुग्णतपासणीसाठी त्यांना मान्यता मिळाली. चुंबक मोठे म्हणजे चित्र चांगले, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो अर्धाच खरा वाटतो. बारकावे वाढतात हे खरे. पण सात टेस्लाच्या चित्रात मेंदूचा मधला भाग लख्ख उजळतो आणि कानशिलांच्या आतला भाग व खालचा लहान मेंदू काळवंडतो.

असे का होते? आपल्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. त्याची अणुकेंद्रके चुंबकात भोवऱ्यासारखी ठरावीक लयीत डुलतात. त्याच लयीची रेडिओलहर सोडली, तरच ती कलतात आणि मग आपल्याला संकेत देतात. ही लय दर टेस्लामागे सुमारे ४२.६ मेगाहर्ट्झने वाढते. दीड टेस्लाला ६४, तीन टेस्लाला १२८. गंमत म्हणजे आपली ८८ ते १०८ मेगाहर्ट्झची एफएम केंद्रे या दोहोंच्या मध्ये बसतात! सात टेस्लाला हा आकडा ३००च्या घरात जातो.

अशा लहरीची लांबी हवेत एक मीटर असते. पाण्याने भरलेल्या मेंदूत शिरताच ती आखडून बारा-तेरा सेंटिमीटर उरते, म्हणजे डोक्यापेक्षाही आखूड. हौदातले पाणी चारी बाजूंनी हलवून पाहा. कुठे लाटा एकमेकींवर चढतात, कुठे एकमेकींना जिरवतात. डोक्यात नेमके तेच घडते. दीड टेस्लाला लहर डोक्याहून पुष्कळच लांब असते, म्हणून तिथे हा त्रास जाणवत नाही.

आता पंचाईत अशी, की मोठ्या माणसांच्या फिट्सचे मूळ बऱ्याचदा कानशिलाच्या आतच असते. औषधांनी फिट्स थांबेनात, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो आणि सर्जन विचारतो, ‘दोष नेमका कुठे?’ तिथेच चित्र काळे असेल, तर एवढ्या महागड्या चुंबकाचा उपयोग काय?

संगणकाने चित्र नंतर एकसारखे करता येते. तशी एक प्रसिद्ध पद्धत माँट्रियलच्या संशोधकांनी १९९८ साली मांडली. ती उपयोगी आहेच. पण जिथली केंद्रके मुळात पुरेशी कललीच नाहीत, तिथे उजळणार काय? क्षीण केंद्राचा आवाज वाढवला की खरखरही वाढते, तसेच हे. नुसत्या देखण्या चित्रावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून इलाज लहरीवरच हवा. त्यातला स्वस्त इलाज मला फार आवडतो. कॅल्शियम टायटनेटची पूड पाण्यात कालवून तिची पातळ पिशवी कानाशेजारी ठेवतात. बाहेरच्या लहरीमुळे पिशवीच्या आसपास दुय्यम क्षेत्र तयार होते आणि जवळच्या काळ्या भागाला बळ मिळते. हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी यावर बरेच काम केले आहे. पाणी मात्र जड पाणी घेतात, नाहीतर पिशवीच चित्रात दिसायची!

दुसरा इलाज खर्चिक. एकाऐवजी, समजा, आठ वाहिन्यांतून लहरी सोडायच्या आणि प्रत्येकीचा जोर व वेळ अशी जुळवायची, की सगळीकडे सारखा परिणाम व्हावा. डोके तापू नये म्हणून उष्णतेवरही कडक नजर ठेवावी लागते. शिवाय प्रत्येकाचे डोके वेगळे, त्यामुळे दर रुग्णागणिक आधी मोजमाप करण्यात वेळ जाई. फ्रान्समधल्या न्यूरोस्पिन केंद्राच्या गटाने २०१७ साली त्यातून वाट काढली. अनेक डोक्यांची मोजमापे घेऊन, नव्या डोक्यालाही चालतील अशा लहरी त्यांनी आधीच आखून ठेवल्या.

केंब्रिज आणि पॅरिसच्या संशोधकांनी २०२५ साली, औषधांना दाद न देणाऱ्या फिट्सच्या ३१ रुग्णांवर ही अनेक वाहिन्यांची पद्धत वापरल्याचे प्रसिद्ध केले. नऊजणांत तीन टेस्लाला न दिसलेला दोष सापडला. निम्म्याहून अधिक रुग्णांची उपचार-योजना बदलली आणि नऊजणांना दोष काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुचवता आली.