ध्येयवाक्याची किंमत किती?

शेतकरी उत्पादक कंपनीचे भाग घ्यावे म्हणून हल्लीं गांवोगांव पत्रकें येतात. पत्रकाच्या शिरोभागीं कंपनीचें ‘व्हिजन’ व ‘मिशन’ छापलेलें असतें. ‘शेतकऱ्यांची सर्वांगीण उन्नति’ हें त्यांतील ठराविक वाक्य. कंपनीचें नांव झांकलें तर तें वाक्य एखाद्या पतपेढीसही शोभेल आणि खतांच्या दुकानासही. असल्या वाक्याच्या भरंवशावर गांठीचे पैसे गुंतवावे काय?

आणे पठारावरील शेतकऱ्यानें हा प्रश्न अवश्य विचारावा. कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, माणिकडोह, वडज व पिंपळगांव जोगे हीं धरणें जुन्नर तालुक्यांत व डिंभें आंबेगांवांत आहे; पण पठार उंचावर असल्यामुळें कालव्याचें पाणी आपोआप तेथें चढत नाहीं. नारायणगांवाकडील टोमॅटोचा बागायतदार आणि पठारावरील बाजरी करणारा जिरायतदार यांची ‘उन्नति’ एका मापानें मोजतां यावयाची नाहीं. ‘सभासदांचा कांदा चाळींत साठवून, निवडून, एकत्र विकणें’ एवढेंच कोणी लिहिलें, तर वर्षाअखेर किती पिशव्या साठविल्या व काय भाव पडला हें विचारतां येतें. उन्नतीचा हिशेब कोणी मागावा?

तथापि लिहिलेला उद्देश म्हणजे केवळ शोभा, असें आमचें मत नाहीं. पत्रकांतील वाक्य निराळें आणि कंपनीच्या स्थापनापत्रांतील उद्देशाचें कलम निराळें. युनायटेड इंडिया लाइफ या विमा कंपनीनें १९५५ सालीं भागधारकांच्या सभेंत ठराव करून एका धर्मादाय न्यासास दोन लक्ष रुपये दिले. काम परोपकाराचें, सभेची संमति पुरी. तरी कंपनीच्या उद्देशांत तें बसत नव्हतें, म्हणून सर्वोच्च न्यायालयानें देणगी बेकायदा ठरविली आणि रकमेची जबाबदारी संबंधितांवर टाकली. पत्रकांतील ‘मिशन’ मोडलें म्हणून कोणास असा भुर्दंड पडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आण्यास रंगदासस्वामींच्या यात्रेंत आमटी-भाकरीचा प्रसाद होतो. भाकरी घरोघरीं भाजल्या जातात. त्या कार्यास ध्येयवाक्य लागत नाहीं, कारण भाकरी किती आल्या व पंगती किती उठल्या हें सर्वांच्या डोळ्यांसमोर असतें. कंपनीचा हिशेब कचेरींत आणि सभासद शेतांत. म्हणून तेथें लेख हवा, आणि तो मोजतां येईल असा हवा.

उत्पादक कंपनीचा कायदा २००३ सालीं अमलांत आला. दहा उत्पादक शेतकरी मिळून अशी कंपनी काढूं शकतात, आणि व्यक्ति-सभासदांच्या कंपनींत भाग कितीही असले तरी प्रत्येकास मत एकच. तेव्हां भाग घेण्यापूर्वीं पत्रक बाजूस ठेवून स्थापनापत्राची प्रत मागावी. ती देण्यास चालढकल झाली, तर पैसे गांठीसच असूं द्यावे. प्रत मिळाल्यास उद्देशाचें कलम घरांतील शिकलेल्या मुलाकडून दोनदां वाचून घ्यावें. कायद्याची भाषा एका वाचनांत उकलत नाहीं. उद्देश बदलावयाचे तर विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकीं तीन चतुर्थांश मतें अनुकूल असावीं लागतात. गैरहजर सभासद त्या मोजणींत धरलाच जात नाहीं. सभेच्या नोटिशींत असा ठराव दिसला, तर त्या दिवशीं पेरणी असली तरी एक माणूस सभेस धाडावा.