केमोत आधी कोणते औषध?

केमोच्या वॉर्डात सलाईनच्या बाटल्या ठरलेल्या क्रमानेच लागतात. पॅक्लिटॅक्सेल आणि सिसप्लाटिन अशी जोडी असेल, तर पॅक्लिटॅक्सेल आधी आणि सिसप्लाटिन नंतर. शेजारी बसलेल्या नातेवाइकांना ही वॉर्डाची सोय वाटते. पण हा क्रम उलटा केला, तर तीच औषधे त्याच मात्रेत जास्त विषारी ठरू शकतात.

हे लक्षात आले ते अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. एरिक रोविन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दोन्ही औषधे दोन्ही क्रमांनी देऊन पाहिली आणि 1991 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिसप्लाटिन आधी दिले, की रुग्णांच्या पांढऱ्या पेशी अधिक खाली जात होत्या. रक्तातील औषधाचे प्रमाण मोजल्यावर कारणाचा धागा मिळाला. सिसप्लाटिननंतर दिलेल्या पॅक्लिटॅक्सेलचा शरीरातून होणारा निचरा सुमारे 25 टक्क्यांनी मंदावला होता. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात ही घट 33 टक्के दिली आहे.

निचरा म्हणजे ठरावीक वेळात किती रक्तद्रव औषधापासून मोकळा होतो, याचे माप. पॅक्लिटॅक्सेलचे विघटन यकृतातील विकरे करतात आणि उरलेसुरले पित्तावाटे बाहेर पडते. सिसप्लाटिनमुळे त्या विकरांचे काम बिघडत असावे, असे मानले जाते. 33 टक्के हा आकडा छोटा वाटेल, पण हिशेब करून पाहा. निचरा एक तृतीयांशाने घटला, की शरीराला सोसावे लागणारे एकूण औषध दीडपट होते. एरवीच्या अनेक औषधांत एवढा फरक खपून जातो. केमोत गुण येणारी मात्रा आणि घात करणारी मात्रा यांत फार थोडे अंतर असते, म्हणून तिथे तो खपत नाही.

पॅक्लिटॅक्सेल नेहमी आधीच द्यावे, असा सरसकट नियम मात्र करता येत नाही. डॉक्सोरुबिसिनच्या बाबतीत चित्र नेमके उलटते. हे लालभडक औषध रुग्णांच्या चांगलेच लक्षात राहते, कारण ते घेतल्यावर लघवीलाही लाल रंग येतो. 1990च्या दशकाच्या मध्यावर इटलीत मिलानमध्ये लुका जियान्नी यांच्या गटाने स्तनांच्या पसरलेल्या कर्करोगासाठी ही दोन औषधे एकत्र दिली. गाठी विरघळण्याचे प्रमाण थक्क करणारे होते, पण जवळजवळ दर पाचांतल्या एका स्त्रीचे हृदय निकामी होऊ लागले. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये झालेल्या अभ्यासात दिसले, की पॅक्लिटॅक्सेल आधी दिल्यास डॉक्सोरुबिसिनचा निचरा 32 टक्क्यांनी घटतो आणि सलाईन संपतानाची रक्तातील पातळी सरासरी 70 टक्क्यांनी वाढते. दोन्ही औषधे पित्तात टाकण्याचे काम पेशींवरचा एकच प्रथिन-पंप करतो. दोन पाणलोटांचे पाणी एकाच मोरीतून जाऊ लागले, की ते तुंबणारच.

यात औषध विरघळवणाऱ्या द्रवाचाही हात आहे. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेल तेलापासून केलेल्या क्रेमोफोर नावाच्या द्रावकात मिसळून देतात, आणि हा द्रावकही त्या पंपाला अडवतो. ज्याला आपण निव्वळ वाहक समजतो तोही औषधासारखा वागतो, ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. उपाय मात्र साधे निघाले: डॉक्सोरुबिसिन आधी द्यायचे, मध्ये वेळ सोडायचा आणि त्याच्या एकूण मात्रेला शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 360 मिलिग्रॅमच्या आसपास मर्यादा घालायची. त्यामुळे हृदयाचा धोका खूपच खाली आला. प्रत्येक जोडीत असा गुंता असतो असेही नाही. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लाटिन एकमेकांच्या निचऱ्यात फारशी ढवळाढवळ करत नाहीत.

कधी कधी निचरा मुद्दाम अडवण्यासाठीच दुसरे औषध शोधले गेले. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी तयार केलेले 6-मर्कॅप्टोप्युरिन 1953 पासून ल्युकेमियावर वापरात आले. झँथिन ऑक्सिडेज हे विकर शरीरात त्याची वासलात लावते. ते विकर रोखले तर औषध जास्त टिकेल, या विचारातून अ‍ॅलोप्युरिनॉल पुढे आले. गुण वाढला, पण त्याच पटीत विषारीपणाही वाढला, आणि हाती फायदा उरला नाही. तेच अ‍ॅलोप्युरिनॉल आज जगभर गाउटसाठी, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या सांधेदुखीसाठी घेतले जाते. म्हणूनच ही दोन औषधे एकत्र द्यावी लागली, तर मर्कॅप्टोप्युरिनची मात्रा पाव ते एक तृतीयांशावर आणतात. मूत्रपिंड बदललेल्या अनेकांना दिले जाणारे अ‍ॅझाथायोप्रिन शरीरात मर्कॅप्टोप्युरिनच बनते. त्यामुळे हाच नियम त्यांनाही लागू आहे.

या विषयातले सर्वांत काळे पान जपानचे आहे. कर्करोगाने आणि उपचारांनी प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला नागीण होणे अगदी नेहमीचे. 1993 मध्ये जपानमध्ये नागिणीवर सोरिव्हुडिन हे नवे औषध बाजारात आले आणि 5-फ्लुओरोयुरॅसिलच्या गटातील केमोची औषधे घेणाऱ्यांनाही ते दिले गेले. या फ्लुओरोयुरॅसिलचा 80 टक्क्यांहून अधिक भाग डीपीडी नावाचे विकर मोडून काढते. आतड्यातील जिवाणू सोरिव्हुडिनपासून जो पदार्थ बनवतात, तो या विकराला कायमचा जखडून टाकतो. केमोचे औषध अंगातच साचत गेले आणि काही आठवड्यांत 15 रुग्ण दगावले. दोन्ही औषधे आपापल्या जागी योग्य होती, पण एकाच्या जाण्याचा रस्ता दुसऱ्याने बंद केला होता.

त्याच जपानमध्ये 1999 मध्ये एस-1 या गोळीला जठराच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. तिच्यात फ्लुओरोयुरॅसिलमध्ये रूपांतर होणाऱ्या औषधासोबत जिमेरासिल असते. तेही डीपीडीलाच अडवते, पण मोजून-मापून आणि तात्पुरते. शिवाय केमोची मात्रा तो अडथळा हिशेबात धरूनच ठरवलेली असते. निचरा रोखणे हा गुन्हा नाही. नकळत रोखणे मात्र जिवावर बेतते.

आणि नकळत रोखणारी औषधे घराघरांत आहेत. जास्त मात्रेतील मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडातून बाहेर पडते, आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या किंवा आम्लपित्ताच्या काही गोळ्या त्याला तिथेच अडवू शकतात. बुरशीवरचे इट्राकोनॅझोल व्हिन्क्रिस्टिनचा निचरा मंदावते आणि नसांना इजा होते. वनस्पतीही निचऱ्यात ढवळाढवळ करतात, कधी उलट दिशेनेही. युरोपात उदासीनतेवर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्टने नेदरलँड्समधील एका छोट्या अभ्यासात इरिनोटेकानच्या सक्रिय रूपाची पातळी 42 टक्क्यांनी उतरवली होती. तिथे निचरा उलट वाढला आणि औषधाचा जोरच गेला.

म्हणून घरात कोणाची केमो चालू असेल, तर एक वही करा. तीत बीपी-शुगरच्या गोळ्या, दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी, काढा, चूर्ण, शेजाऱ्यांनी सुचवलेला पाला, सगळे लिहा आणि दर सायकलला डॉक्टरांसमोर ठेवा. रागावतील म्हणून काही लपवू नका. मध्येच ताप किंवा नागीण आली आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर आपली केमो चालू आहे हे त्यांना सर्वांत आधी सांगा.