गरम इंजिन सुरू का होत नाही?

सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होणारी जुनी गाडी तासभर चालवून दहा मिनिटे उभी केली की सुरू होता होत नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप ठीक होते. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडर, कार्बोरेटरवाली मारुती ८०० अशा गाड्यांचा हा नेहमीचा आजार. तो पकडणे अवघड जाते, कारण गॅरेजपर्यंत पोहोचेतो इंजिन थंड झालेले असते आणि बिघाडाचा पुरावाच उरत नाही. मग अंदाजाने कॉइल, प्लग, पंप बदलले जातात. खरी तपासणी व्हायला हवी ती गाडी रुसलेली असतानाच.

चालत्या इंजिनात पाणी आणि पंखा उष्णता बाहेर काढत असतात. टाकीतून येणारे पेट्रोलही कार्बोरेटरला गार ठेवते. इंजिन बंद होताच हे सारे थांबते, पण धातूत साठलेली उष्णता वर चढत राहते. त्यामुळे पुढची पंधरा-वीस मिनिटे बॉनेटखाली कार्बोरेटर आणि पंप तापतच जातात. अँबॅसिडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात तर इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला असल्याने कार्बोरेटरला थेट खालून धग लागते. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागतात.

तपासणीची सुरुवात कानाने करावी. सेल्फ रडतरडत फिरत असेल तर पेट्रोलकडे बघण्यात अर्थ नाही. तांबे तापले की त्याचा विद्युतरोध वाढतो. त्यात सेल्फचे बुश झिजलेले किंवा अर्थिंगची केबल गंजलेली असेल, तर गरम इंजिन फिरवण्याइतकी ताकद उरत नाही. सेल्फ मारताना मल्टिमीटरने बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन ब्लॉक यांमधला व्होल्टेज मोजावा. तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर दोष अर्थिंगमध्ये आहे. टायमिंग फार पुढे असेल, तरीही सेल्फ अडखळतो.

सेल्फ जोमात फिरत असेल तर पुढची पाळी करंटची. स्पार्क टेस्टर लावून ठिणगी पाहावी. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी वाफ जाऊ द्यावी, कारण उघड्या ठिणगीने आग लागू शकते. ठिणगी निळी आणि कडक हवी. ती पिवळट, मरगळलेली दिसली किंवा दिसलीच नाही, तर कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय घ्यावा. थंड असताना ठणठणीत असलेली कॉइल तापल्यावर आतून करंट तोडते. खात्रीची, थंड कॉइल तिथल्या तिथे जोडून गाडी सुरू झाली, की प्रश्न मिटला.

करंट ठीक असेल तर उरते पेट्रोल, आणि इथेच सर्वाधिक गल्लत होते, कारण उष्णतेने दोन उलट गोष्टी घडतात. पाइपात किंवा इंजिनावरच्या पेट्रोल पंपात (एसी पंपात) वाफ धरली, तर पंपाचा पडदा वाफच दाबत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. उलट फ्लोटच्या भांड्यातले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये ठिबकले, तर इंजिन ओव्हर होते. फरक ओळखायला एअर फिल्टर काढून टॉर्चच्या उजेडात कार्बोरेटरच्या घशात पाहावे. थ्रॉटल न हलवताच आत ओल दिसते, वास उग्र येतो, प्लगही ओला निघतो, तर पेट्रोल जास्त झाले आहे. घसा कोरडा आहे आणि थ्रॉटलचा दांडा ओढूनही बारीक धार येत नाही, तर पेट्रोल पोहोचतच नाही.

ओव्हर झालेल्या इंजिनाला चोक देऊ नये. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरावा आणि सेल्फ मारावा. वारंवार दाबल्यास दर वेळी आणखी पेट्रोल आत जाते. गाडी काळा धूर टाकत सुरू झाली, तर निदान पक्के. मग फ्लोटची पातळी, झिजलेली नीडल आणि अर्धवट अडकलेला चोक तपासावा, कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक स्पेसर शाबूत आहे का तेही पाहावे. कोरड्या कार्बोरेटरच्या वेळी पंपावर ओले फडके टाकण्याचा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय ही उत्तम चाचणीही आहे: पंप गार होताच गाडी सुरू झाली, तर दोष वाफेचाच. एक्झॉस्टजवळून जाणारा पाइप दूर घेणे आणि मध्ये पत्र्याची आड लावणे हा त्यावरचा टिकाऊ इलाज. इथेनॉल मिसळल्याने पेट्रोलची वाफ होण्याची प्रवृत्ती वाढते आणि जुने रबरी पाइपही खराब होतात, म्हणून पाइप आता अधिक वेळा पाहावे लागतात.

करंट, पेट्रोल दोन्ही ठीक असूनही गाडी अडली, तर टॅपेट मोजावेत. त्यांची फट कमी असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरते बसत नाहीत आणि कॉम्प्रेशन गळते.

इंजेक्शनवाल्या जुन्या गाड्यांत लक्षण तेच, कारणे वेगळी: गळका इंजेक्टर, चुकीचे तापमान सांगणारा सेन्सर किंवा तापल्यावर बंद पडणारा क्रँक सेन्सर. शेवटच्या दोषात स्कॅनरवर कोड उमटेलच असे नाही. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच दिसत राहिला, तर आधी क्रँक सेन्सर आणि त्याची वायर तपासावी.