देशी गाडी की विदेशी? भरवसा नेमका कशावर ठेवायचा

कंपनीच्या बसमध्ये हेडफोन विसरला असाल, किंवा ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जात असेल, तर ही आपल्या एपिसोडची लेखी आवृत्ती. बोलण्यातली अडखळ तेवढी काढली आहे, बाकी सगळं तसंच आहे.

विषय आलाय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून. हा मित्र मोशीला राहतो आणि चाकण एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. तो म्हणतो, "दादा, घरातली पहिली गाडी घेतोय. बजेट बारा लाख, त्यातलं बरंचसं लोन. बाबा म्हणतात, इथलीच नवीन घे. मित्र म्हणतात, तेवढ्याच पैशात आठ वर्षं जुनी जर्मन लक्झरी सेडान मिळते, इम्पोर्टेड माल आहे, कधी बंद पडत नाही. आईला महिन्यातून दोनदा पुण्यात हॉस्पिटलला न्यावं लागतं. गाडी रस्त्यात बसली तर माझी पंचाईत होईल. कुठली जास्त भरवशाची?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यातला 'इम्पोर्टेड' हा शब्दच आधी तपासायला हवा.

इम्पोर्टेड म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे परदेशी लोगो दिसला की गाडी इम्पोर्टेड. प्रत्यक्षात तीन वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार सीबीयू. गाडी परदेशात पूर्ण तयार होते आणि जहाजातून येते. खरी इम्पोर्टेड ती हीच. तिच्यावरची कस्टम ड्युटी बरीच वर्षं ६० ते १०० टक्क्यांच्या घरात राहिली आहे, म्हणून अशा गाड्या कमी दिसतात.

दुसरा सीकेडी. सुटे भाग किट म्हणून बाहेरून येतात आणि गाडी इथे जोडली जाते. याचं उदाहरण आपल्या दारातच आहे. मर्सिडीज-बेंझ १९९४ मध्ये भारतात आली, तेव्हा तिची जुळणी टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरीतल्या आवारात होत होती. २००९ मध्ये चाकणला तिचा स्वतःचा कारखाना झाला. इथे रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक मर्सिडीज चाकणलाच जोडलेल्या आहेत.

तिसरा प्रकार म्हणजे लोगो परदेशी, पण गाडी जवळजवळ पूर्ण इथली. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. तिथून निघणाऱ्या टायगुन, कुशाक, व्हर्टस, स्लाव्हिया या गाड्यांमध्ये ९५ टक्क्यांपर्यंत भाग भारतातले आहेत, असं कंपनी सांगते.

आणि गंमत बघा. याच कारखान्यातली व्हेंटो मेक्सिकोला जायची. तिथल्या माणसासाठी चाकणची गाडी 'इम्पोर्टेड'! त्याआधी २००३ मध्ये पिंपरीत बनलेली इंडिका इंग्लंडमध्ये 'सिटीरोव्हर' नावाने विकली गेली. म्हणजे इम्पोर्टेड हा काही क्वालिटीचा शिक्का नाही. गाडी हद्द ओलांडून आली, एवढाच त्याचा अर्थ.

आणि 'शंभर टक्के देशी' तरी कुठे असते?

इंडिका ही आपल्या भागाची अभिमानाची गाडी. १९९८ मध्ये आली. पण तिचं डिझाइन इटलीतल्या आयडिया या संस्थेच्या मदतीने झालं, इंजिनासाठी फ्रान्समधल्या कंपनीची मदत घेतली, आणि पिंपरीत जी लाइन बसवली ती ऑस्ट्रेलियातल्या निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्यातून विकत आणलेली होती. यात कमीपणा काहीच नाही. सगळं जग गाड्या असंच बनवतं.

तुमच्यापैकी जे भोसरी किंवा चाकणच्या व्हेंडर कंपन्यांत काम करतात, त्यांना हे माहीतच आहे. एकाच शेडमध्ये एका बाजूला देशी कंपनीचा ब्रॅकेट निघतो, दुसऱ्या बाजूला जर्मन कंपनीचा. दोन्हीकडून पीपीएम विचारला जातो, म्हणजे दहा लाख नगांत खराब किती निघाले. रिजेक्शन आलं की दोन्हीकडून सारखीच बोलणी खावी लागतात. मुंढव्याच्या भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट आणि ॲक्सल जगभरच्या वाहनांत बसतात. म्हणजे 'परदेशी' गाडी उघडली तर आत आपलाच शेजारी सापडू शकतो.

मग गाडी बिघडते कशामुळे?

इथे एक गोष्ट समजून घेऊ. क्वालिटीवाले तिला बाथटब कर्व्ह म्हणतात. अंघोळीच्या टबाचा बाजूने आकार आठवा. डावीकडे उंच, मध्ये सपाट, उजवीकडे पुन्हा उंच. कुठल्याही मशिनमधले बिघाड साधारण असेच येतात.

डावा भाग म्हणजे नवेपणाचे बिघाड. डिझाइनमधल्या राहून गेलेल्या चुका, नवीन लाइन, नवखे व्हेंडर. मधला सपाट भाग म्हणजे सुखाची वर्षं. उजवा भाग म्हणजे झीज: रबर कडक होतं, बुश जातात, वायरिंग तडकतं, सेन्सर दगा देतात.

इंडिकाचं तेच झालं. बुकिंग एक लाखाच्या पुढे गेलं, पण पहिल्या लॉटच्या मालकांकडून तक्रारींचा ढीग आला. कंपनीने भाग बदलून दिले, डिझाइन सुधारलं आणि २००१ मध्ये इंडिका व्ही२ आणली. हीच गाडी पुढे टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली. कारखाना तोच, गाव तेच, लोगो तोच. मग बदललं काय? गाडी टबाच्या डाव्या कडेवरून मधल्या सपाट भागात आली.

आता आपल्या मित्राची आठ वर्षं जुनी सेडान बघा. ती उजव्या कडेकडे निघाली आहे. जर्मनीत डिझाइन झाली म्हणून रबराचं वय थांबत नाही. त्यात महागड्या गाडीत एअर सस्पेन्शन, इलेक्ट्रिक सीट, ढीगभर सेन्सर, अशा गोष्टी जास्त. जितके भाग जास्त, तितक्या बिघडायच्या जागा जास्त.

खरी मेख पुढे आहे. पन्नास लाखांची गाडी आठ वर्षांनी बारा लाखांना मिळते, कारण गाडीची किंमत उतरते. पण तिच्या पार्टची किंमत उतरत नाही. पार्ट अजून पन्नास लाखांच्या गाडीचाच असतो, आणि तो बाहेरून यायचा असेल तर ड्युटी आणि वाट बघणं वेगळं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी गत व्हायला एक मोठं बिल पुरतं.

आपल्या रस्त्याला चालेल का?

भरवसा ही फक्त गाडीतली गोष्ट नाही. गाडी ज्या वातावरणासाठी बनवली, तिथेच ती चालवताय का, हेही तितकंच महत्त्वाचं.

फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या एका ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं उदाहरण घ्या. २०१३ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. उष्ण आणि दमट हवेत, सारखं थांबत-चालत गाडी चालवली की त्यातल्या सिंथेटिक ऑइलमुळे इलेक्ट्रिकल बिघाड होऊ शकत होता. ऑइल बदलून मिनरल घालण्यात आलं. गिअरबॉक्स चांगल्या इंजिनिअरांनीच बनवला होता, पण सगळीकडची हवा आणि ट्रॅफिक सारखं नसतं.

आता आपला पुणे-नाशिक रस्ता डोळ्यांसमोर आणा. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर. मे महिन्यातलं ऊन, कंटेनरची धूळ, पावसाळ्यातले खड्डे. इथे लो प्रोफाइल टायर आणि कमी ग्राउंड क्लिअरन्सची गाडी लवकर थकणारच. लोगो देशी असो की विदेशी, ती गाडी अशा रस्त्यांवर तपासून, इथल्यासाठी बदल करून विकली आहे का, हे विचारा. पेट्रोलचंही तसंच. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ई२० पेट्रोलला चालतील अशा भागांनी बनतात. त्याआधीची गाडी घेताना मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते वाचा.

कंपनी टिकेल का?

हा मुद्दा शोरूममध्ये कोणी काढत नाही. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. शेवरोले बीट तिथलीच. २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली, २०२० च्या शेवटी कारखानाही थांबला आणि पुढे ह्युंदाईने तो विकत घेतला. फोर्डनेही २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं.

बीट तर इथेच, आपल्या भागात बनलेली गाडी होती. तरी विक्री बंद झाली आणि मालकाच्या डोक्याला ताप झाला: सर्व्हिस सेंटर कमी, रीसेल घसरलेली. म्हणून 'इथे बनते' एवढ्यावरही डोळे झाकून जाऊ नका.

घेण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. मॉडेल बाजारात येऊन किती दिवस झाले? नवीन मॉडेल असेल तर वर्षभर थांबा. पहिल्या लॉटची हौस दुसऱ्याला करू द्या.

२. गाडी कुठली? चासी नंबरचं पहिलं अक्षर बघा. 'एम'ने सुरुवात असेल तर साधारण भारतातली, 'डब्ल्यू' असेल तर जर्मनीची, 'जे' असेल तर जपानची. ही खूण आहे, शेवटचा पुरावा नाही. डीलरला पार्ट कुठून येतात हेही विचारा.

३. पाच पार्टचे भाव काय? हेडलाइट, पुढचा बंपर, क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम, सस्पेन्शन आणि एसी कॉम्प्रेसर. सर्व्हिस सेंटरला फोन करून भाव घ्या आणि किती दिवसांत मिळेल तेही लिहून घ्या. हा अर्ध्या तासाचा उद्योग लाख रुपये वाचवू शकतो.

४. रिकॉल झालाय का? एप्रिल २०२१ पासून सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी रिकॉलचा सरकारी नियम आहे. वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेच्या साइटवरही रिकॉल बघता येतात. रिकॉल म्हणजे गाडी वाईट असं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने सुमारे १ लाख ८१ हजार गाड्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या. सेकंड हँड गाडीच्या मालकाने ते काम करून घेतलंय का, हे बघायचं.

५. सर्व्हिसचे कागद आहेत का? कागद नसतील तर 'सिंगल हँडेड डॉक्टरची गाडी' वगैरे गोष्टी कानाआड करा. बाहेरचा फिटर सोबत न्या, गाडी थंड असताना स्टार्ट करा, स्कॅनर लावा.

एक सावधगिरी. भारत एनकॅपचे स्टार टक्कर झाली तर तुम्ही किती सुरक्षित, हे सांगतात. ते जरूर बघा. पण गाडी पाच वर्षांत किती वेळा गॅरेजला जाईल, हे ते सांगत नाहीत.

आणि गाडी घेतल्यावर कंपनी ऐकतच नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पन्नास लाखांपर्यंत पैसे मोजले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. जॉब कार्ड, बिलं, मेल, सगळं जपून ठेवा. तिथे कागदच बोलतो.

तर मित्रा, तुझं उत्तर

तुझे बाबा बरोबर आहेत, फक्त कारण वेगळं आहे. गाडी देशी आहे म्हणून घेऊ नकोस. वॉरंटीत असलेली, बाजारात वर्षभर मुरलेली, जिचा पार्ट मोशी-भोसरीत दुसऱ्या दिवशी मिळतो, अशी घे. जर्मन लोगोच हवा असेल तर चाकणला बनलेली दोन-तीन वर्षांची गाडी बघ, तिची वॉरंटी वाढवता येते का ते विचार, आणि वरचे पाच प्रश्न तिलाही लाव.

ती आठ वर्षं जुनी सेडान वाईट नाही. ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे आणि दुरुस्तीसाठी दोन-तीन लाख बाजूला आहेत, त्याने ती हौसेने घ्यावी. तुझं सगळं बजेट गाडीतच जाणार, वर हप्ता, आणि आईची अपॉइंटमेंट पुढे ढकलता येत नाही. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीचाही हप्ता महिन्याला कापला जातोच.

आणि तू तर क्वालिटीत आहेस. कंपनीत येणारा माल नाव बघून पास करत नाहीस, तपासून करतोस. गाडीही तशीच तपास.

तुमच्या गाडीने कधी साथ दिली, कधी दगा दिला, व्हॉइस मेसेज करून कळवा. मॉडेल, वर्ष आणि किलोमीटर नक्की सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये सेकंड हँड गाडीचं आरसी, एनओसी आणि हायपोथिकेशन यावर बोलू. तोपर्यंत सीटबेल्ट लावा, आणि तळेगाव चौकात डोकं शांत ठेवा!