ताकद निळ्या टाकीत नाही, पेट्रोलात आहे

ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञाच्या हाताशी निळ्या रंगाची एक टाकी असते. तिच्यात नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ‘लाफिंग गॅस’ असतो. अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये स्वतःचा दात काढून घेताना तो वापरून पाहिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने हाच वायू उंचावर उडणाऱ्या लढाऊ विमानांच्या इंजिनात सोडला. आज तो शर्यतीच्या गाड्यांत वापरतात. सिनेमातला नायक बटण दाबतो आणि गाडी झेप घेते, ती याच्याच जोरावर.

ते पाहून अनेकांना वाटते की हा वायू म्हणजे जबरदस्त इंधन असावे. प्रत्यक्षात तो स्वतः पेट घेत नाही. गाडी पळते ती पेट्रोलावरच. नायट्रस फक्त ते पेट्रोल जाळायला जादा ऑक्सिजन पुरवतो.

इंजिनात येणाऱ्या हवेच्या वजनात ऑक्सिजन सुमारे २३ टक्के असतो, तर नायट्रसमध्ये ३६ टक्के. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर नायट्रसचा रेणू फुटू लागतो आणि त्यातला ऑक्सिजन मोकळा होतो. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, नायट्रस मात्र साडेनऊ किलोच्या आसपास पुरतो. म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त पेट्रोल जाळता येते. पण ते जादा पेट्रोल वेळेवर पोहोचले तर.

ते पोहोचले नाही तर काय होते? शहापूरहून कसारा घाट किंवा मुरबाडहून माळशेज चढताना वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली, की इंजिनातून खडखड ऐकू येते. मेकॅनिक त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. सिलिंडरमधले मिश्रण वेळेआधी आणि एकदम भडकल्याचा तो आवाज. नायट्रस सोडला आणि पेट्रोल कमी पडले, तर हेच कितीतरी पटींनी होते. मिश्रण ‘लीन’ होते, तापमान चढते आणि काही सेकंदांत पिस्टनचा माथा वितळून त्याला भोक पडू शकते.

म्हणूनच नायट्रसचे काम जाणणारा माणूस टाकीआधी पेट्रोलचा मार्ग तपासतो. पंप पूर्ण भारावर दाब टिकवतो का, हे गेज लावून पाहतो. फिल्टर तुंबलेला नाही ना, इंजेक्टरला वाढीव पेट्रोल देण्याइतकी क्षमता आहे ना, याची खात्री करतो. पेट्रोल देण्याच्या पद्धती दोन आहेत. ‘ड्राय’ पद्धतीत नळीतून फक्त वायू येतो आणि जादा पेट्रोल गाडीचेच इंजेक्टर देतात. ‘वेट’ पद्धतीत वायू आणि पेट्रोल एकाच नोझलमधून, प्रत्येकी ठरावीक भोकाच्या जेटमधून फवारले जातात.

त्यानंतर ट्यूनिंग. सुरुवात सर्वांत लहान जेटने आणि पेट्रोल थोडे जास्तच ठेवून करायची. ज्वलन वेगाने होत असल्याने ठिणगी उशिरा पाडायची. दर ५० अश्वशक्तीमागे सुमारे २ अंश, असा ठोकताळा आहे. प्रत्येक धावेनंतर प्लग काढून पाहायचा. पांढराफटक दिसला तर पेट्रोल कमी पडते आहे, काळा पडला तर जास्त होते आहे. मिश्रण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर असेल तर अधिक चांगले. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि इंजिनाचे फेरे ३,०००च्या वर असल्याशिवाय वायू सुटणार नाही, अशी व्यवस्थाही हवी. कमी फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरमध्ये गरजेपेक्षा जास्त वायू साचतो.

आपल्याकडे यात दोन अडचणींची भर पडते. पहिली उन्हाची. टाकीत नायट्रस दाबाखाली द्रवरूप असतो. २० अंशांना हा दाब सुमारे ५० बार, तर ३६ अंशांना ७० बारच्या वर जातो. पेट्रोलचा दाब मात्र अनेक गाड्यांत ३ ते ४ बारवर स्थिर असतो. डिसेंबरच्या पहाटे जुळवलेले प्रमाण एप्रिलच्या दुपारी म्हणूनच चुकते. वायू जास्त येतो, पेट्रोल तेवढेच राहते. ३६.४ अंशांच्या वर तर नायट्रस द्रवरूपात राहतच नाही. मुरबाड-शहापूरकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून तापते. तिथे जेटचा हिशेब कोलमडतो आणि टाकीची सुरक्षा चकती फुटण्याची वेळ येऊ शकते.

दुसरी अडचण पेट्रोलची. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करते, पण त्याच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असल्याने या मिश्रणाला किलोमागे सुमारे साडेतेरा किलोच हवा लागते. म्हणजे तेवढ्याच ऑक्सिजनसाठी इंधन जास्त लागते. शुद्ध पेट्रोल धरून केलेल्या किटच्या तक्त्याप्रमाणे जेट बसवला, तर पेट्रोल कमीच पडणार.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही आणि कलम १८९ नुसार रस्त्यावर शर्यत लावणे गुन्हा आहे. हे प्रयोग बंदिस्त धावपट्टीचे आहेत, घाटातल्या वळणांचे नव्हेत.

आणि टाकीतला वायू गंमत म्हणून हुंगण्याचा मोह तर नकोच. प्रसूतिवेदना कमी करण्यासाठी डॉक्टर तो निम्म्या ऑक्सिजनसोबत देतात. नुसता घेतला तर गुदमरून बेशुद्ध पडण्याचा, जीव जाण्याचाही धोका असतो. वारंवार घेतल्यास शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व निकामी होऊन मज्जारज्जूला इजा होते. पायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. परदेशात गाड्यांसाठीच्या नायट्रसमध्ये मुद्दाम उग्र वासाचा सल्फर डायऑक्साइड मिसळतात, तो यासाठीच.

घाटात गाडी दमत असेल तर आधी एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर आणि प्लग तपासून घ्या, आणि चढ सुरू होण्यापूर्वी गिअर खाली घ्या. बहुतेक गाड्यांचा दम तिथेच परत मिळतो.