तृतीयपंथीयांची उपजीविका

उपजीविका बुडणे म्हणजे काय, हे डिचोली तालुक्यातील पाळीसारख्या खाणपट्ट्यातील गावाला निराळे सांगावयास नको. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रक दारात उभे राहिले आणि त्यांच्या जिवावर चालणारी गॅरेजे व खानावळी मंदावल्या. तथापि त्या आपत्तीत कामगाराच्या कौशल्याविषयी कोणी शंका घेतली नाही. शासनानेही साहाय्याच्या योजना आखल्या. तृतीयपंथी व्यक्तीवर मात्र खाणी चालू असतानाही बेकारीचा हाच प्रसंग ओढवतो. ती काम मागावयास जाते, आणि तिला काय येते हे विचारण्यापूर्वीच तिचे रूप व आवाज यांवरून निकाल लागतो.

टाळी वाजवून पैसे मागणे हाच या लोकांचा पिढीजात धंदा होय, अशी समजूत रूढ आहे. ती पुरती खरी नाही. मराठी राज्यात काही ठिकाणी हिजड्यांना इनामे व ठरावीक हक्क होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई इलाख्याच्या इंग्रज सरकारने ते पुढे चालविण्याचे नाकारले. मिळकतीचा मान्य मार्ग गेला आणि याचना तेवढी उरली.

अलीकडच्या काळात कायद्याने पुष्कळ वाट मोकळी केली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगास मान्यता दिली. पुढील वर्षी रिझर्व्ह बँकेने बँकांच्या अर्जांत तशी नोंद ठेवण्याची सूचना केली. २०१९ च्या कायद्याने नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. डिसेंबर २०२२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रश्न गेल्यानंतर, महाराष्ट्राच्या पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय ठेवण्याचे शासनाने मान्य केले.

मग अडते कोठे? केरळातील कोचीचा अनुभव याचे उत्तर देतो. २०१७ साली तेथील मेट्रो रेल्वेने वीसहून अधिक तृतीयपंथीयांना कामावर घेतले. देशभर कौतुक झाले. परंतु थोड्याच दिवसांत त्यांतील कित्येकांनी काम सोडले. कारण शहरात त्यांना कोणी भाड्याने खोली देईना, आणि लॉजचे भाडे पगाराला गिळू लागले. नोकरी होती, पण नोकरीवरून परतावयास घर नव्हते! रोजगार देणे म्हणजे केवळ नेमणुकीचा कागद देणे नव्हे, हा धडा त्यातून मिळतो. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०२२ साली तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षकाची कामे दिली. अशा उपक्रमांचे यशही निवारा, सहकाऱ्यांची वागणूक आणि वेळेवर वेतन यांवरच अवलंबून राहते.

स्वतंत्र व्यवसायाचीही हीच गोष्ट आहे. शिवणकाम, केशभूषा, खानावळ, फुलांची विक्री यांस मोठे भांडवल लागत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्जाची सोय आहे. परंतु घरातून लहानपणीच बाहेर पडावे लागलेल्या माणसाजवळ पत्त्याचा दाखला नसतो, शाळा अर्धवट सुटलेली असते, आणि ओळख द्यावयास कोणी पुढे येत नाही. बँकेची पायरी चढण्यापूर्वीच तो मागे फिरतो. ही उणीव दूर करणे पंचायत, सहकारी पतसंस्था व बचतगट यांच्या आवाक्यातले आहे. रहिवासाचा दाखला, आठवड्याच्या बाजारात बसावयास जागा, गटात सभासदत्व, यांपैकी कशासाठीही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

२०११ च्या जनगणनेत गोव्यात पुरुष वा स्त्री यांऐवजी ‘इतर’ अशी नोंद झालेल्या व्यक्ती अवघ्या ३९८ होत्या. पुष्कळांनी तशी नोंद केली नसेल, हे उघड आहे. तरीही गोव्यातील १९१ पंचायतींवर ही संख्या वाटली, तर एकेका पंचायतीच्या वाट्यास सरासरी दोनच माणसे येतात. दोन माणसांना काम आणि छप्पर देणे कोणत्याही गावास जड जाऊ नये. त्यांच्याकडून फुले घेण्यास व कपडे शिवून घेण्यास गावकऱ्यांचे मन तयार झाले, म्हणजे पुढचे काम त्यांचे हातच करतील.